अमेरिकेत मुदतीपेक्षा जास्त राहिलं, तर पुन्हा जाता येतं का?

अमेरिकेत परवानगीपेक्षा जास्त दिवस राहिलं तर पुढे किती वर्षं तिकडे पाऊल ठेवता येत नाही, याचं उत्तर तिथल्या कायद्यात सरळ आकड्यांत दिलेलं आहे. तरीही आपली शिकली-सवरलेली माणसं त्यात अडकतात. त्यांतल्या फार थोड्यांनी मुद्दाम कायदा मोडलेला असतो. बाकीच्यांनी चुकीच्या कागदावरची तारीख पाहिलेली असते, नाहीतर कुणाला न विचारता विमानाचं तिकीट काढलेलं असतं. या दोन गोष्टी नीट समजल्या तर पुष्कळ घरांचा मनस्ताप वाचेल, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी मूळ नियम. 1996 साली अमेरिकेने स्थलांतराच्या कायद्यात मोठी दुरुस्ती केली आणि 1 एप्रिल 1997 पासून ‘बेकायदा वास्तव्या’चे दिवस मोजायला सुरुवात झाली. एकाच मुक्कामात असं वास्तव्य 180 दिवसांपेक्षा जास्त पण एक वर्षापेक्षा कमी झालं, आणि हद्दपारीची कारवाई सुरू होण्याआधी माणूस स्वतःहून देशाबाहेर पडला, तर तीन वर्षं प्रवेशबंदी. एक वर्ष किंवा त्याहून जास्त झालं, तर दहा वर्षं. 180 दिवस किंवा त्याहून कमी असेल, तर यातली कुठलीच बंदी लागत नाही.

यावरून ‘म्हणजे 180 दिवस चालतात’ असा अर्थ कुणी काढू नये. मुदतीनंतर एक दिवस जरी जास्त राहिलात तरी ज्या व्हिसावर आत गेला होतात तो व्हिसा आपोआप रद्द होतो. त्यावर 2032 पर्यंतची तारीख छापलेली असली तरी त्याला अर्थ उरत नाही. नवा व्हिसा काढावा लागतो आणि तोही साधारणपणे स्वतःच्याच देशातून. त्या मुलाखतीत ‘मागच्या वेळी जास्त का राहिलात?’ हा प्रश्न येणार, हे गृहीत धरायचं. चाळीस दिवस जास्त राहून आलेल्या माणसावर कायद्याची बंदी नसते, पण त्याला व्हिसा नाकारायला अधिकाऱ्याकडे पुरेसं कारण असतं.

तारीख कुठली बघायची?

पासपोर्टात चिकटवलेला व्हिसा हा फक्त दारापर्यंत जाण्याचा परवाना आहे. आत किती दिवस राहायचं हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि ती तारीख ‘आय-94’ नावाच्या नोंदीत जाते. पूर्वी हा कागदाचा तुकडा पासपोर्टात लावून देत. विमानाने येणाऱ्यांसाठी 2013 पासून ही नोंद संगणकावरच असते. अमेरिकेच्या सीमाशुल्क आणि सीमासुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर पासपोर्ट नंबर टाकला की ती फुकटात दिसते. बीकेसीच्या कॉन्सुलेटमधून मिळालेला दहा वर्षांचा बी-2, म्हणजे भेटीचा, व्हिसा पाहून आईबाबा निर्धास्त असतात, पण प्रत्येक फेरीत त्यांना राहायची परवानगी सहसा सहा महिन्यांचीच मिळते. सातव्या महिन्यात व्हिसा जिवंत असतो आणि वास्तव्य बेकायदा झालेलं असतं.

आईबाबांच्या बाबतीत ही चूक निदान लवकर ध्यानात येते, कारण परतीचं तिकीट काढलेलं असतं. नोकरीवाल्यांच्या बाबतीत ती महिनोन्‌महिने लपून राहते. कशी, ते एका कल्पित उदाहरणातून दिवस मोजून बघू.

पुण्याचा एक इंजिनियर. एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर न्यू जर्सीत नोकरी. कंपनीच्या अर्जाला 30 सप्टेंबर 2026 पर्यंतची मंजुरी आहे. ऑगस्ट 2024 मध्ये तो सुट्टीवरून परत येतो, नेवार्कला उतरतो. त्याचा पासपोर्ट मात्र 12 मार्च 2025 ला संपणार असतो. अधिकारी त्याच्या आय-94 वर 2026 ची तारीख घालत नाही, 12 मार्च 2025 घालतो. पासपोर्टाची मुदत संपते तिथेच वास्तव्याची परवानगी तोडण्याची ही पद्धत सर्रास चालते. हा भला माणूस फेब्रुवारीत भारतीय कॉन्सुलेटमधून पासपोर्ट नवा करून घेतो आणि काम झालं असं समजतो. आय-94 कडे तो बघतच नाही. कंपनीलाही माहीत नसतं. पगार येतोय, कर कापला जातोय, सगळं सुरळीत.

पण 13 मार्च 2025 पासून त्याचे बेकायदा दिवस मोजले जाऊ लागलेले असतात. नवा पासपोर्ट आल्याने आय-94 ची तारीख आपोआप पुढे सरकत नाही. कंपनीच्या मंजुरीपत्रावर 2026 असलं तरी त्याचा उपयोग नाही, कारण ते पत्र आधीचं आणि विमानतळावरची नोंद नंतरची. जी नोंद सर्वांत शेवटची, ती खरी. 8 सप्टेंबर 2025 ला 180 दिवस भरतात. तोवर हे कुणाच्या लक्षात आलं असतं तर तो बाहेर पडून, नवा व्हिसा घेऊन, नव्या आय-94 वर परत येऊ शकला असता. तो 15 ऑक्टोबरला दिवाळीसाठी घरी निघतो. तोपर्यंत 217 दिवस झालेले असतात. मुंबईत स्टॅम्पिंगच्या, म्हणजे पासपोर्टात नवा व्हिसा लावून घेण्याच्या, मुलाखतीत हे निघतं, आणि तीन वर्षांची बंदी म्हणजे ऑक्टोबर 2028. घर तिकडे, गाडी तिकडे, मुलांची शाळा तिकडे.

निघण्याआधी त्याला वकील भेटला असता तर? अमेरिकेत असतानाच कंपनीमार्फत मुदतवाढीचा उशिरा का होईना अर्ज करून, ‘हा उशीर आमच्या हाताबाहेरच्या कारणाने झाला, तो माफ करून मागच्या तारखेपासून मुदत द्या’ अशी विनंती करता येते. ती मान्य करणं न करणं स्थलांतर खात्याच्या मर्जीवर आहे, खात्रीचं काही नाही. पण विमानात बसल्यावर तीही वाट बंद होते. म्हणून माझा आग्रह आहे: अमेरिकेत उतरल्यावर सामानाच्या पट्ट्यापाशी उभं असतानाच फोनवर आय-94 काढून बघा. तारीख पासपोर्टाच्या मुदतीवर तुटली असेल तर ती आठ-दहा महिने आधी कळेल आणि सगळे मार्ग मोकळे असतील.

बायकोमुलांचं आय-94 वेगळं असतं, हेही याच जोडीला. नवऱ्याच्या एच-1बी ला मुदतवाढ मिळाली म्हणून बायकोच्या एच-4 या जोडीदाराच्या व्हिसाला मिळत नाही. तिच्यासाठी आय-539 हा अर्ज वेगळा करावा लागतो. कंपनीचा वकील कधी तो करतो, कधी करत नाही, आणि घरात कुणी विचारत नाही. मुलांचे दिवस अठराव्या वाढदिवसापर्यंत मोजत नाहीत, ही कायद्यातली एक माणुसकीची गोष्ट. अठरा पूर्ण झाले की त्यांनाही मोठ्यांचाच हिशेब.

स्टेटस गेलं म्हणजे दिवस सुरू झाले, असं नाही

इथे पुष्कळांचा गोंधळ होतो, अगदी तिकडे पंधरा वर्षं काढलेल्यांचाही. स्टेटस म्हणजे ज्या व्हिसावर गेलात त्याच्या अटी पाळून तिथे राहणं. ते मोडणं आणि बेकायदा वास्तव्याचे दिवस चढणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक वेळा त्या बरोबर येतात, पण नेहमी नाही.

एच-1बी वरच्या माणसाची नोकरी गेली की त्याला जास्तीत जास्त 60 दिवसांची सवलत मिळते, आणि त्याआधीच आय-94 संपत असेल तर तेवढीच. 60 दिवसांत दुसरी कंपनी मिळाली नाही आणि तो तिथेच राहिला, तर त्याचं स्टेटस गेलं. तो हद्दपारीला पात्र झाला. पण आय-94 वरची तारीख अजून पुढची असेल, तर तीन आणि दहा वर्षांच्या बंदीसाठीचे दिवस लगेच सुरू होत नाहीत. ते सुरू होतात आय-94 संपल्यावर, किंवा त्याआधी स्थलांतर खात्याने एखाद्या अर्जावर निर्णय देताना स्टेटस मोडल्याचं लेखी नोंदवलं किंवा न्यायाधीशाने तसं ठरवलं तर. हे वाचून कुणी निवांत बसू नये. नोकरीच्या आधारे ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज अमेरिकेत राहून करताना वेगळा हिशेब लागतो: शेवटच्या कायदेशीर प्रवेशानंतर स्टेटसशिवाय काढलेले किंवा परवानगीशिवाय काम केलेले दिवस एकूण 180 च्या आत असतील तर ते माफ होतात, वर गेले तर नाही. आकडा तोच, मोजायची गोष्ट दुसरी.

विद्यार्थ्यांचं आणखी निराळं. एफ-1 या विद्यार्थी-व्हिसावर गेलेल्या मुलामुलींच्या आय-94 वर बहुधा तारीखच नसते. ‘डी/एस’ ही दोन अक्षरं असतात, म्हणजे शिक्षण नियमाप्रमाणे चालू आहे तोवर राहा. तारीख नाही म्हणून ती उलटून जाण्याचा प्रश्न नाही. त्यामुळे कॉलेज सोडलं, श्रेयांक कमी घेतले, परवानगीशिवाय काम केलं, तर स्टेटस जातं, पण बंदीचे दिवस खात्याच्या लेखी निर्णयापासून किंवा न्यायाधीशाच्या आदेशापासूनच मोजले जातात. 2018 मध्ये सरकारने हे बदलून स्टेटस मोडल्याच्या दिवसापासूनच मोजणी सुरू करायचं धोरण आणलं होतं. गिलफर्ड कॉलेज आणि इतरांनी त्याविरुद्ध दावा लावला आणि फेब्रुवारी 2020 मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या संघीय न्यायालयाने ते धोरण रद्दबातल केलं. 2025 च्या एप्रिलमध्ये हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सेव्हिसमधल्या, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी संगणकीय यादीतल्या, नोंदी अचानक बंद केल्या गेल्या तेव्हा इकडे कितीतरी घरांत झोप उडाली होती. कोर्टात प्रकरणं गेल्यावर सरकारने त्या नोंदी परत सुरू केल्या. नोंद बंद होणं गंभीरच, पण केवळ तेवढ्याने बंदीचे दिवस मोजले जात नव्हते, हे त्या काळात फार थोड्या मुलांना कुणी सांगितलं. ऑगस्ट 2025 मध्ये सरकारने ‘डी/एस’ काढून विद्यार्थ्यांनाही ठरावीक, जास्तीत जास्त चार वर्षांची मुदत देण्याचा प्रस्ताव मांडला. आय-94 वर तारीख आली की विद्यार्थ्यांचा हिशेबही आईबाबांसारखाच होतो, म्हणून आता जाणाऱ्या प्रत्येकाने आपल्या नोंदीवर नेमकं काय छापलंय ते बघावं.

अर्ज करून ठेवला असेल तर

बाळंतपणासाठी मुलीकडे गेलेल्या आईचा मुक्काम लांबणार असेल, किंवा बाबांना तिकडेच दवाखान्यात ठेवावं लागलं, तर आय-94 संपण्याआधी आय-539 दाखल करायचा. अर्ज वेळेत केलेला असेल, कारण खरं असेल आणि मधल्या काळात परवानगीशिवाय काम केलेलं नसेल, तर निर्णय होईपर्यंतचे दिवस बेकायदा धरले जात नाहीत. कायद्यात ही सूट 120 दिवसांचीच आहे. त्यापुढचा काळ खात्याने स्वतःच्या धोरणाने त्यात घेतला आहे. अर्ज नामंजूर झाला तर दुसऱ्या दिवसापासून मोजणी सुरू, म्हणून नकाराचं पत्र आलं की टाळाटाळ न करता निघायची तयारी करायची. अर्ज उशिरा केलेला असेल तर मोजणी मागे, आय-94 संपल्या दिवसापर्यंत जाते. आजारपण हे मुदतवाढ मागण्याचं चांगलं कारण आहे, पण अर्ज न करता नुसतं आजारी असल्याने दिवस थांबत नाहीत. पावती सांभाळून ठेवा. पुढच्या व्हिसाच्या वेळी तोच पुरावा.

ग्रीन कार्डचा आय-485 अर्ज किंवा आश्रयाचा प्रामाणिक अर्ज प्रलंबित असतानाही दिवस चढत नाहीत. आश्रय मागणाऱ्याने परवानगीशिवाय काम केलं तर मात्र ही सूट जाते.

बंदी लागते ती बाहेर पडल्यावर

माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत क्रूर गोष्ट ही आहे. तीन आणि दहा वर्षांची बंदी माणूस अमेरिकेत असताना लागत नाही. दिवस साचत राहतात आणि देश सोडला की बंदी पडते. परिणाम असा, की ज्यांचे दिवस जास्त झालेत त्यांना प्रामाणिकपणे घरी परत जाणंच सर्वांत महाग पडतं.

अमेरिकन नागरिकाशी लग्न केलेल्या बाईचंच बघा. ती बी-2 वर रीतसर तपासणी होऊन आत आली होती, मुदत उलटून दीड वर्ष झालं, मग लग्न झालं. नागरिकाचा जोडीदार, आईवडील आणि एकवीस वर्षांखालचं अविवाहित मूल यांना, कायदेशीर प्रवेश झालेला असेल तर, मुदत उलटून गेलेली असूनही अमेरिकेत राहूनच ग्रीन कार्डचा अर्ज करता येतो. ती बाहेर पडलेलीच नाही, म्हणून बंदीही नाही. सगळं मार्गी लागलेलं असतं. आणि एके पहाटे साताऱ्याहून फोन येतो की आई गेली. अशा वेळी कोण कायद्याचं पुस्तक उघडतं? ती मिळेल त्या विमानाने निघते. त्या एका प्रवासाने तिचा प्रलंबित अर्ज सोडून दिल्यासारखा धरला जातो आणि दहा वर्षांची बंदीही पडते.

यावर उपाय आहे तो म्हणजे निघण्याआधी ‘ॲडव्हान्स पॅरोल’ घेणं, म्हणजे परत येण्याची आगाऊ परवानगी. 2012 मध्ये तिथल्या स्थलांतर अपील मंडळाने एका भारतीय दांपत्याच्याच प्रकरणात निकाल दिला, की ही परवानगी घेऊन केलेला प्रवास दहा वर्षांच्या बंदीसाठी ‘देश सोडणं’ धरायचा नाही. तातडीचं कारण असेल तर ही परवानगी लवकर मागता येते. ज्या घरात कुणाचा अर्ज प्रलंबित आहे आणि इकडे आईवडील थकलेले आहेत, त्या घराने हा कागद आधीच काढून ठेवावा. हातात कागद असला तरी परत येताना शेवटचा निर्णय विमानतळावरच्या अधिकाऱ्याचा असतो, म्हणून निघण्यापूर्वी वकिलाला एक फोन करायचाच.

कायमची बंदी

व्हिसाशिवाय, सीमा चोरून आत शिरलेल्याचे दिवस पहिल्या दिवसापासूनच मोजले जातात. त्याचं एकूण बेकायदा वास्तव्य, सगळे मुक्काम मिळून, एक वर्षापेक्षा जास्त झालं किंवा त्याच्यावर हद्दपारीचा हुकूम झाला, आणि बाहेर गेल्यावर त्याने पुन्हा चोरून आत यायचा प्रयत्न केला, तर बंदी कायमची. दहा वर्षं अमेरिकेबाहेर काढल्यावर परत अर्ज करण्याची परवानगी मागता येते, एवढीच फट उरते. अठरा वर्षांखालच्या मुलांना असलेली सूट या बंदीला लागू नाही.

‘डंकी’ मार्ग, म्हणजे दलालांमार्फत चोरवाटेने आत शिरणं, पंजाब, हरियाणा आणि गुजरातचा, आपला काय संबंध, असं म्हणायची सोय राहिलेली नाही. 5 फेब्रुवारी 2025 ला अमृतसरला उतरलेल्या अमेरिकी लष्करी विमानातून 104 भारतीयांना परत पाठवलं होतं. त्यात महाराष्ट्रातलेही तिघे होते. अशांना दलाल परत गाठतात आणि ‘या वेळी पक्कं काम’ म्हणतात. एकदा हद्दपार झालेल्याने दुसऱ्यांदा तोच रस्ता धरला तर पुढे कधी लग्नाच्या किंवा नोकरीच्या आधारे सरळ मार्गाने जायची संधी आली, तरी दार बंद असेल. दलाल हे सांगणार नाही.

माफी मिळते का?

मिळू शकते. ग्रीन कार्डसाठी जाणाऱ्याला आय-601 हा माफीचा अर्ज करता येतो. त्यात दाखवावं लागतं की मला प्रवेश नाकारला तर माझ्या अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदाराला, किंवा आईवडिलांना, पराकोटीचा त्रास होईल. विरहाचं दुःख पुरत नाही; आजार, उपचार, पैशांची अवस्था, सगळ्याचे कागद लागतात. या यादीत मुलं नाहीत. अमेरिकेत जन्मलेलं सहा वर्षांचं लेकरू आईविना राहील, हे कारण एकट्याने कायद्यात बसत नाही. मला हा नियम अन्यायाचा वाटतो, पण आहे तो असा आहे, आणि ‘मूल तिकडे जन्मलंय, आता काही होत नाही’ या भरवशावर राहिलेली घरं याच जागी फसतात.

2013 पासून आणखी एक सोय झाली. अमेरिकेतच राहून आय-601ए हा तात्पुरत्या माफीचा अर्ज करायचा, मंजुरी हातात आली की मगच बाहेर पडून कॉन्सुलेटमध्ये मुलाखत द्यायची. सुरुवातीला ही सोय फक्त नागरिकांच्या जवळच्या नातेवाइकांना होती, 2016 मध्ये ती वाढवली. नोकरीच्या किंवा भेटीच्या व्हिसासाठी वेगळी माफी असते. ती कॉन्सुलेटमधला अधिकारी शिफारस करून वर पाठवतो आणि तिला नातेवाइकाच्या त्रासाची अट नाही. आपल्या त्या पुण्याच्या इंजिनियरला हाच रस्ता उरतो.

काही न करता तीन किंवा दहा वर्षं संपण्याची वाट बघणं हाही मार्ग आहेच. वर्षं बाहेर पडल्या तारखेपासून मोजायची. ती तारीख सिद्ध करायची वेळ येऊ शकते, कारण अमेरिकेतून निघताना पासपोर्टावर शिक्का मारत नाहीत. बोर्डिंग पास आणि मुंबईला उतरल्यावरचा भारतीय इमिग्रेशनचा शिक्का असलेलं पान, दोन्ही जपून ठेवायचं. पासपोर्ट नवा केला तरी जुना टाकायचा नाही.

आणि व्हिसाच्या डीएस-160 फॉर्ममध्ये पूर्वी मुदतीपेक्षा जास्त राहिला होतात का, असं विचारतात, तिथे खरं लिहायचं. एजंट ‘नाही’वर खूण करून टाकतात, त्यांना अर्ज पुढे सरकायला हवा असतो. खोटं उत्तर पकडलं गेलं तर व्हिसासाठी लबाडी केल्याचा ठपका बसतो. त्याला तीन किंवा दहा वर्षांची मुदत नाही, तो जन्मभराचा असतो. फॉर्म कुणीही भरलेला असो, सही तुमची असते.